शेड मोजता, पट्टा कधी मोजणार?

प्रति,
मा. मंत्री, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य
मा. सचिव, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विकास
मा. आयुक्त, पशुसंवर्धन, औंध, पुणे
तसेच सर्व जिल्हा परिषदांचे पशुसंवर्धन सभापती

विषय : पशुपालनाचे दाट पट्टे, विरळ पट्टे आणि त्यांची उत्पादकता



राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये पशुपालनाला कृषीसमकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्याबद्दल आधी आभार. वीजदर, ग्रामपंचायतीचा कर, कर्जावरचे व्याज या सगळ्यात पोल्ट्रीवाला आणि गोठेवाला आजवर शेतकऱ्यांच्या रांगेबाहेर उभा होता. आता तो रांगेत येईल. म्हणजे येत्या काही वर्षांत नव्या शेड उभ्या राहतील, नवे गोठे बांधले जातील, बँकांकडे प्रस्तावांचे गठ्ठे जातील. ते गठ्ठे सुटायच्या आत एक गोष्ट आपल्या कानावर घालावी म्हणून हे पत्र.

अशा प्रस्तावाच्या फायलीत सातबारा असतो, आठ-अ असतो, कोटेशन असते, बँकेचे पत्र असते, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला असतो. शेड किती पक्ष्यांची, गोठा किती गायींचा, अनुदान किती टक्के, यावर चर्चा होते आणि मंजुरी मिळते. पण या जागेपासून शेजारची शेड किती अंतरावर आहे? भोवतालच्या टापूत आज किती पक्षी, किती जनावरे आहेत? खाद्य कुठून येणार, दूध किंवा अंडी कोणत्या रस्त्याने जाणार, डॉक्टर किती वेळात पोहोचणार? या प्रश्नांवर मंजुरी अडलेली किंवा सुटलेली फारशी ऐकिवात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की शेडची कमाई शेडच्या चार भिंतींच्या आत ठरत नाही, ती शेड ज्या पट्ट्यात उभी आहे त्या पट्ट्यात ठरते. आणि पट्टा घडवणे किंवा सावरणे एकट्या शेतकऱ्याच्या हातात नसते. ते आपल्या हातात आहे.

पुरावा म्हणून एकाच वर्षातल्या दोन घटना मांडतो. साल २००६.

नवापूर हा नंदुरबार जिल्ह्यातला, गुजरातच्या सीमेला चिकटलेला आदिवासीबहुल तालुका. तिथले रेल्वे स्थानकसुद्धा थोडे महाराष्ट्रात, थोडे गुजरातेत. सुरत–नागपूर महामार्ग तिथून जातो, सुरतेची मोठी बाजारपेठ काही तासांवर, मका पिकवणारा खानदेश पाठीशी. अंड्याच्या कोंबड्यांचा धंदा इथे वाढला नसता तरच नवल. एका शेडमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी, अशी लेअर फार्मची दाटी झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत कोंबड्या मरू लागल्या. सुरुवातीला ती मर नेहमीच्या मानमोडीची, म्हणजे राणीखेतची समजली गेली. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणूवर शिक्कामोर्तब केले. भारतातल्या कोंबड्यांमधला बर्ड फ्लूचा तो पहिला उद्रेक. काही लाख पक्षी नष्ट करावे लागले. शेजारच्या गुजरातेतल्या उच्छल तालुक्यालाही झळ बसली, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात रोग निघाला, आणि ज्यांचा नवापूरशी काडीचा संबंध नव्हता अशा देशभरच्या पोल्ट्रीवाल्यांचे भाव कोसळले. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, नवापूरला पुन्हा तेच झाले. पुन्हा लाखो पक्षी खड्ड्यात गेले.

आता त्याच २००६ सालचा जुलै. विदर्भातल्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कापसाला जोडधंदा हवा म्हणून त्यात दुभती जनावरे देण्याचाही भाग होता. कल्पना चुकीची नव्हती. पण संकरित गाय कोरडवाहू गावात येऊन उभी राहिली तेव्हा हिरव्या चाऱ्याची सोय नव्हती, दूध घेणारे केंद्र जवळ नव्हते, रेतन करणारा वेळेवर मिळत नव्हता. गाय खाते रोज आणि दुधाचे पैसे मात्र हाती येत नाहीत, असा हिशेब लागल्यावर अनेकांनी ती विकून टाकली किंवा कुणाकडे तरी सोडून दिली. गायीत खोट नव्हती. तिला लागणारे काहीच आजूबाजूला नव्हते.

नवापूरला एका जागी फार झाले, विदर्भात एका जागी काहीच नव्हते. वरवर या दोन उलट्या गोष्टी दिसतात, पण चूक दोन्हीकडे एकच. सरकारने एकेक लाभार्थी मोजला, एकेक शेड मोजली, पट्टा मोजला नाही.

पट्ट्याचा फायदा काय असतो ते आधी सांगतो, कारण दाटीचे नाव काढले की लगेच सगळे विखरून टाका असा सल्ला येतो, आणि तो सल्ला विदर्भातल्या गायीइतकाच महाग पडेल.

वीस हजार लेअर पक्ष्यांची शेड घ्या. कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे त्या शेडला रोज दोन टनांहून अधिक खाद्य लागते. खाद्याचा खर्च एकूण खर्चाच्या दोनतृतीयांशाच्या आसपास असतो. खाद्याची गिरणी दहा किलोमीटरवर आहे की शंभर, यावर किलोमागे पैसे कमी-जास्त होतात, आणि हे पैसे रोज जातात. शेड दिवसाला सहाशे ट्रे अंडी देते. तेवढ्यासाठी व्यापारी दूरवर गाडी पाठवत नाही, पाठवली तरी भाव पाडून मागतो. त्याच रस्त्यावर दहा शेड असतील तर गाडी भरते, दुसरा व्यापारीही येतो आणि भाव करायला शेतकऱ्याला तोंड उघडता येते. पिंजरे दुरुस्त करणारा, लसीकरण करणारी टोळी, चोच कापणारे कारागीर, औषधाचे दुकान, जुन्या कोंबड्या उचलणारा, कोंबडखत नेणारा, हे सगळे जिथे गिऱ्हाईक दाट आहे तिथेच तळ ठोकतात.

दुधाचे तर याहून उघड आहे. समजा दूध गोळा करणाऱ्या गाडीचा खर्च किलोमीटरला तीस रुपये आणि फेरी साठ किलोमीटरची. फेरीचे झाले अठराशे रुपये. वाटेत सहा हजार लिटर दूध मिळाले तर लिटरमागे खर्च तीस पैसे. सहाशे लिटर मिळाले तर तीन रुपये. गाय तीच, वैरण तीच, मेहनत तीच, आणि लिटरमागे दोन रुपये सत्तर पैसे वाटेतच सांडले. कोल्हापूर जिल्ह्यात १९६३ मध्ये ‘गोकुळ’ दूध संघ उभा राहिला. त्यानंतर गावोगावच्या संस्था, संकलन, पशुखाद्य, रेतन आणि डॉक्टरांच्या सेवेचे जे जाळे विणले गेले, त्याची खरी ताकद एका गायीच्या दुधात कधीच नव्हती. दर किलोमीटरला मिळणाऱ्या लिटरमध्ये ती होती. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था सुरू केली आणि रेतनाची सेवा गोठ्याच्या दारात नेली. ही सेवाही परवडते ती रेतकाला एका फेरीत पुरेशा गायी मिळाल्या तरच. माजावर आलेली गाय वाट पाहत नाही. एक माज चुकला की तीन आठवडे गेले, आणि दोन-तीन चुकले की भाकड काळ वाढून वर्षाचे गणित बिघडले.

शिवाय शहाणपण. मुरघास कसा दाबायचा, मुक्त गोठ्यात गव्हाण कुठे ठेवायची, कासदाहाची सुरुवात कशी ओळखायची, हे माणूस पत्रकावरून शिकत नाही, शेजाऱ्याच्या गोठ्यात उभे राहून शिकतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ अल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये कारखान्यांच्या वसाहतींबद्दल हेच मांडले होते : एका धंद्याची माणसे एका जागी आली की कसबी हात, पुरवठादार आणि त्या धंद्याचे ज्ञान या तिन्ही गोष्टी सगळ्यांना स्वस्तात मिळतात. अमेरिकेतल्या पंधरा राज्यांतल्या वराहपालनावर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानेही धंदा एका जागी गोळा होण्यामागे शेजाराचा हा लाभ असल्याचे दाखवले. तेव्हा पट्टे तयार होणे हा शेतकऱ्याचा अडाणीपणा नाही, त्याचा चोख हिशेब आहे.

फक्त त्या हिशेबात एक खर्च धरलेला नसतो, कारण तो शेजाऱ्याच्या खात्यावर पडतो.

मी माझी शेड तुमच्या शेडपासून शंभर मीटरवर बांधली तर खाद्य, व्यापारी, डॉक्टर यांचा फायदा मला मिळतो. पण माझ्या शेडमधून निघणारी माशी, धूळ, पीस, मेलेली कोंबडी ओढणारे कुत्रे, अंड्यांचे न धुतलेले ट्रे, खाद्याच्या गाडीची चाके आणि दोन्हीकडे काम करणारा मजूर यांतून जो रोग जाईल, त्याचा भुर्दंड आपण दोघे भरतो. नंतर आलेला प्रत्येक जण हाच हिशेब करतो. म्हणून पट्टा आपणहून योग्य दाटीवर थांबत नाही, पुढे जातो. बाजाराने आपोआप सुधारावी अशी ही गोष्ट नाही, कारण चूक कुणा एकाची नसतेच.

ही दाटी कुठे धोक्याची होते, याचा सर्वांत महाग धडा नेदरलँड्सने गिरवला. २००३ मध्ये तिथल्या गेल्डरसे व्हॅली या कोंबड्यांनी गच्च भरलेल्या भागात एच७एन७ जातीचा बर्ड फ्लू शिरला. यंत्रणा सक्षम, शेतकरी शिकलेला, रस्ते चांगले, तरीही सुमारे तीन कोटी पक्षी मारावे लागले आणि एका पशुवैद्याचा जीव गेला. त्या साथीच्या आकड्यांवर संशोधकांनी नंतर गणित मांडले. रोग एका फार्मवरून दुसऱ्यावर जाण्याची शक्यता अंतराबरोबर कशी घटते हे त्यांनी काढले आणि देशाचा नकाशा रंगवला. बहुतेक देशात एखाद्या फार्मला रोग झाला तरी साथ आपोआप विझेल अशी विरळ वस्ती होती. साथ भडकत जाईल इतकी दाटी दोनच पट्ट्यांत होती. याचा अर्थ फार मोलाचा आहे. दाटीला एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे एक बाधित फार्म सरासरी एकाहून कमी फार्मना रोग देतो, पलीकडे एकाहून जास्त. त्या उंबरठ्यापर्यंत पट्टा कमावतो, तो ओलांडला की पट्टा जुगार खेळतो.

आपल्याकडे हा नकाशा कुणी रंगवला आहे का? नवापूरचा? अंडी आणि ब्रॉयलरचे जे नवे पट्टे वाढत आहेत त्यांचा?

गंमत अशी की सरकारचा स्वतःचा नियम पट्टाच मानतो. बर्ड फ्लूच्या राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार उद्रेकाच्या जागेभोवती एक किलोमीटरचा टापू बाधित धरला जातो आणि दहा किलोमीटरपर्यंतचा टापू निगराणीत येतो. त्या एक किलोमीटरच्या वर्तुळात, म्हणजे सुमारे तीन चौरस किलोमीटरमध्ये, ज्याच्या शेडला काहीही झालेले नाही त्याचेही पक्षी नष्ट होतात. म्हणजे रोग आला की आपण नकाशावर कंपास ठेवतो. माझी विनंती साधी आहे : तोच कंपास परवानगी देतानाही ठेवा. वस्ती, पाणवठा, महामार्ग यांपासूनचे अंतर प्रदूषण मंडळाच्या सूचनांमध्ये पाहिले जाते, ते योग्यच. पण कोंबडीला रोग होतो तो दुसऱ्या कोंबडीपासून. शेडपासून शेडचे अंतर हा मंजुरीचा पहिला प्रश्न असायला हवा.

बर्ड फ्लू निदान बातमीत तरी येतो. दाटीचा रोजचा तोटा कुणाला दिसतच नाही. लेअर फार्मवर वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकाच वेळी असतात, शेड कधी पूर्ण रिकामी होत नाही. शेजारच्या फार्मवरही तसेच. मग राणीखेत, श्वसनाचे आजार, कोलाय यांचे मंद चक्र पट्ट्यात कायम फिरत राहते. कोंबड्या पटापट मरत नाहीत, अंडी थोडी घटतात. वीस हजारांच्या शेडमध्ये अंड्यांचे प्रमाण तीन टक्क्यांनी घसरले तर दिवसाला सहाशे अंडी गेली. अंडे पाच रुपयांना धरले तर वर्षाला जवळपास अकरा लाख रुपये. त्यावर वाढीव औषधे आणि वाढीव लसी. पट्ट्यामुळे खाद्यात आणि वाहतुकीत वाचवलेले पैसे असे मागच्या दाराने निघून जातात, आणि शेतकरी पिलांच्या कंपनीला, नाहीतर नशिबाला बोल लावतो. प्रतिजैविकांचा मारा वाढतो तो वेगळाच, आणि त्याची किंमत अखेर अंडी खाणाऱ्यापर्यंत जाते.

मोठ्या जनावरांनाही हे लागू आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात लम्पी हा जनावरांचा त्वचारोग दिसला आणि पाहता पाहता राज्यभर गेला. आपण जनावरांचे बाजार बंद केले, गोटपॉक्सची लस राज्यभर दिली, दगावलेल्या गायीसाठी तीस हजार, बैलासाठी पंचवीस हजार आणि वासरासाठी सोळा हजार रुपये दिले. हे श्रेय आपल्या खात्याचे आहे आणि ते द्यायलाच हवे. पण तेव्हाही लस कुठे आधी पोहोचवायची हे ठरवायला गोठ्यांच्या दाटीचा तयार नकाशा टेबलावर असता तर सुरुवातीचे महत्त्वाचे दिवस वाचले असते.

शेण आणि कोंबडखताचीही तीच कथा. विरळ गावात ते सोने असते, दाट पट्ट्यात ओझे होते. फ्रान्समधल्या वराहपालनावर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यातली मेख सापडते. शेतात खत किती टाकायचे यावर मर्यादा आणली की फक्त शेतात पसरवणाऱ्यांचे पट्टे विरळ होतात, पण त्याच मर्यादेमुळे खतावर प्रक्रिया करण्याचे तंत्र घेतले गेले तर पट्टा टिकतो, उलट घट्ट होतो. म्हणजे नियम आणि सोय एकत्र आले तर पट्टा मोडावा लागत नाही. नंदुरबारची पपई आणि जळगावची केळी खताला आसुसलेली आहे. दाट पट्ट्यातले कोंबडखत नीट कुजवून, निर्जंतुक करून तिकडे नेण्याची साखळी उभी करणे ही अवघड गोष्ट नाही. ओले खत उघड्या ट्रॉलीतून गावोगाव फिरवण्यापेक्षा ती नक्कीच स्वस्त पडेल, कारण त्या ट्रॉलीतून खताबरोबर रोगही फिरतो.

आता आपल्याकडून येऊ शकणाऱ्या दोन आक्षेपांबद्दल.

पहिला : सरकारने कुणाच्या जमिनीवर काय उभे राहावे हे का ठरवावे? सरकारने हे याआधी केले आहे आणि चांगले केले आहे. मुंबई शहरातले म्हशींचे तबेले हलवून १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत उभी राहिली. दारा खुरोडी यांच्या त्या कामाची दखल पुढे मॅगसेसे पुरस्काराने घेतली. तिथे हजारो म्हशी एका जागी आणल्या, पण पाणी, चारा, डॉक्टर, दुधाची प्रक्रिया आणि गोठ्यांची रचना यांचा विचार करून आणल्या. एवढी मोठी वसाहत आज कुणी मागत नाही. निदान विचार करण्याची ती परंपरा तरी मोडू नका.

दुसरा : अंतराचे नियम आणले तर दोन एकरवाल्याने काय करायचे? त्याच्या जमिनीतून पाचशे मीटर अंतर निघणार तरी कसे? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच नियम शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही, पट्ट्यावर टाकावा लागेल. जुन्या शेडवर बुलडोझर नको. जिथे दाटी उंबरठ्याच्या पुढे गेली आहे तिथे नव्या शेडला अनुदान थांबवा आणि तेच अनुदान काही किलोमीटरवरच्या नव्या टापूत दुप्पट करा. रस्ता, वीज, पाणी तिथे आधी न्या. शेतकरी शहाणा आहे, सोय जिकडे तिकडे तो जातो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताने २६ कुक्कुट संकुले बर्ड फ्लूमुक्त असल्याचे जाहीर केले आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेने ते मान्य केले. त्यात महाराष्ट्रातलीही आहेत. काटेकोर जैवसुरक्षा पाळली तर भोवताली रोग असतानाही एखादी व्यवस्था रोगमुक्त मानता येते, हे तत्त्व आपण जगाकडून मान्य करून घेतले आहे. पण कुंपण, चाकधुणी, नोंदी, तपासण्या हा खर्च मोठ्या कंपनीला झेपतो. पाच-दहा हजार पक्ष्यांच्या शेतकऱ्याला तो एकट्याने झेपणार नाही, पन्नास जणांच्या पट्ट्याला मात्र झेपेल. त्यासाठी पट्ट्याला कायद्याच्या कागदावर अस्तित्व द्यावे लागेल.

म्हणून मागण्या मांडतो.

एक. प्रत्येक व्यावसायिक शेड आणि गोठ्याची जागा नकाशावर नोंदवा. गायी-म्हशींच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे, तशी ओळख कोंबड्यांच्या शेडलाही द्या. एकविसावी पशुगणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्या आकड्यांवरून गावनिहाय दाटीचा नकाशा तयार करून लोकांसमोर ठेवा. बँकेला, विमा कंपनीला आणि नवी शेड बांधू पाहणाऱ्या तरुणाला तो पाहता आला पाहिजे.

दोन. दाट पट्ट्यांना ‘पशुपालन पट्टा’ म्हणून अधिसूचित करा आणि पट्ट्याची समिती करा. लसीकरणाचे वेळापत्रक एक, शेड रिकामी ठेवण्याचा काळ शक्य तितका एक, मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट एका ठिकाणी, पट्ट्याच्या तोंडाशी गाड्यांची चाके धुण्याची सोय, आणि कागदी ट्रेऐवजी धुता येणारे ट्रे. यातले काहीच महाग नाही, पण एकट्याने केले तर निरुपयोगी आहे.

तीन. भरपाईची रचना बदला. आज नष्ट केलेल्या पक्ष्यांचे पैसे मिळतात, आधीच मेलेल्यांचे नाही, आणि निगराणीच्या टापूत अडकून पडलेल्याला बुडालेल्या धंद्याचे काहीच नाही. त्यामुळे जो पहिल्यांदा खबर देतो तो गावाचा वैरी ठरतो : त्याच्या एका फोनने शेजाऱ्यांच्या शेड रिकाम्या होतात. पक्ष्यामागे काही पैसे पट्ट्याच्या निधीत जमा करा, तेवढेच सरकारने घाला. लवकर खबर देणाऱ्याला जास्त भरपाई द्या आणि टापूत अडकलेल्यांना निर्वाहापुरते तरी द्या. नवापूरची मर आधी मानमोडी समजली गेली, त्या दिवसांची किंमत आठवून हा निधी किती स्वस्त आहे ते पाहा.

चार. पशुवैद्यकीय दवाखाने आणि पदे जनावरांच्या दाटीप्रमाणे द्या. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्य असे प्रमाण सुचवले होते. आज प्रमाण तर दूरच, रिकाम्या पदांवर दवाखाने चालतात. दाट पट्ट्याला कुक्कुटरोगाचा जाणकार आणि जवळची प्रयोगशाळा हवी. नमुना पुण्याला, तिथून भोपाळला जाईपर्यंत रोग थांबत नाही.

पाच. विरळ जिल्ह्यांत जनावरे वाटायच्या आधी पट्टा पेरा. विदर्भ-मराठवाड्यात २०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीने जो प्रकल्प चालू आहे, त्याचा संकलनाला आधी महत्त्व देण्याचा मार्ग बरोबर आहे, तो पुढे न्या. क्रम असा ठेवा : आधी दूध घेणारे केंद्र आणि थंड करण्याची टाकी, मग वैरण आणि मुरघास, मग रेतक आणि डॉक्टर, आणि सगळ्यांत शेवटी गाय. वीस तालुक्यांत दोन-दोन गायी वाटण्यापेक्षा एकाच मार्गावरच्या वीस गावांत त्या द्या. यश किती गायी वाटल्या यावर मोजू नका, मार्गावर दर किलोमीटरला किती लिटर दूध मिळाले यावर मोजा.

अंड्यांनाही हाच क्रम लागू आहे. राज्यात दिवसाला सुमारे ९० लाख अंड्यांचा तुटवडा असल्याचे आपल्याच खात्याने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले होते. ती तूट भरायला अंडी शेजारच्या राज्यांतून येतात. म्हणजे शेड वाढवाव्या लागणार यात वाद नाही. वाद आहे तो त्या जुन्या पट्ट्यांत आणखी कोंबायच्या की मका-सोयाबीन पिकवणाऱ्या, आज रिकाम्या असलेल्या टापूंत नेमके अंतर राखून नवे पट्टे उभे करायचे, यावर. मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीन आहे, मक्याला जागा आहे, आणि नवे महामार्ग आले आहेत. एकेका तालुक्यात खाद्याची गिरणी, पिलांची सोय, अंडी उचलणारी व्यवस्था आणि पन्नास शेड एकदमच, पण मोकळ्या अंतराने, उभ्या राहिल्या तर तो पट्टा पहिल्या दिवसापासून निरोगी जगेल. हे पन्नास वेगवेगळ्या फायलींतून कधीच होणार नाही.

हे सगळे एका वर्षात व्हावे असे मी म्हणत नाही. दोन तालुके निवडा. एक दाट, एक विरळ. दाट म्हणून नवापूर घ्या, कारण त्याने दोनदा किंमत मोजली आहे आणि तिथल्या शेतकऱ्याला रोग म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही. विरळ म्हणून २००६ च्या त्या सहा जिल्ह्यांतला एखादा तालुका घ्या. दोन्हीकडे तीन वर्षे पट्ट्याचे नियोजन करून पाहा आणि आकडे जाहीर करा : शेडमागे मरतूक, कोंबडीमागे अंडी, मार्गावर किलोमीटरमागे लिटर, खबर मिळाल्यापासून निदानापर्यंतचे तास.

आणि तोवर निदान एवढे करा. पुढच्या आर्थिक वर्षाच्या योजनांचे परिपत्रक निघेल तेव्हा अर्जाला एक पान जोडा. त्यावर अर्जदाराच्या जागेभोवती एक किलोमीटरचे आणि दहा किलोमीटरचे वर्तुळ असेल, आत किती पक्षी आणि किती जनावरे आहेत ते लिहिलेले असेल, आणि खाली पशुधन विकास अधिकाऱ्याची सही असेल. त्या पानावरचा आकडा पाहिल्याशिवाय कुठल्याही शेडला किंवा गोठ्याला अनुदान मंजूर करू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पशुपालनावर लिहिणारा एक नागरिक